प्राचीन संस्कृतींतल्या बागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागांच्या इतिहासाचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरं वाचताना एक धागा सतत हाताला लागेल. जुनी बाग समजून घ्यायची तर फुलांच्या आधी पाणी बघावं. ते कुठून आलं, किती उंचीवरून आलं, कोणाच्या खांद्यावरून आलं, एवढं कळलं की बागेचा नकाशा निम्मा तरी उलगडतो.

जगातली सगळ्यात जुनी बाग कोणती?

'पहिली' म्हणून एका बागेवर बोट ठेवता येत नाही. शेत कुठे संपलं, परस कुठे सुरू झालं आणि त्या परसाला बाग कधी म्हणायचं, याची रेघ कोणी मारून ठेवलेली नाही. पण जमिनीत प्रत्यक्ष सापडलेल्या जुन्या बागांपैकी एक फार बोलकी आहे. इजिप्तमध्ये लक्सॉरजवळ द्रा अबु अल-नगा इथे २०१७ साली एका स्पॅनिश पथकाला थडग्याच्या अंगणात छोटी बाग मिळाली. ती साधारण चार हजार वर्षांपूर्वीची आहे. लांबी-रुंदी जेमतेम तीन मीटर बाय दोन मीटर, आणि आत तीसेक सेंटिमीटरचे चौकोनी वाफे. झाऊच्या झुडपाचा बुंधा जागेवर उभाच होता आणि त्याच्या पायथ्याशी वाडग्यात खजूर होते.

अंगणात मेथी-कोथिंबिरीचे वाफे पाडणाऱ्याला हा नकाशा पाहून नवल वाटणार नाही. पाणी घागरीने आणायचं असेल तर ते वाहून जाता कामा नये, म्हणून बांध घातलेले लहान चौकोन. मेलेल्या माणसासाठी केलेली बागसुद्धा पाण्याचा हिशेब चुकवू शकली नाही.

इजिप्तमधल्या श्रीमंतांच्या बागा कशा दिसायच्या?

नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं एक भित्तिचित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काळ सुमारे इ.स.पू. १३५०. मधोमध आयताकृती तळं, त्यात कमळं, मासे आणि बदकं, काठाने पपायरस, आणि चारी बाजूंनी झाडांच्या रांगा: खजूर, दूम ताड, आणि आपल्या उंबराच्या जातकुळीतलं सिकॅमोर अंजीर. कोपऱ्यात त्याच अंजिराच्या झाडातून देवी प्रकट होऊन मृताला फळं देते आहे. तळं वरून पाहिल्यासारखं आणि झाडं समोरून पाहिल्यासारखी काढली आहेत. पाहणाऱ्याची जागा एकच असली पाहिजे, हा हट्ट त्या चित्रकाराला नव्हता.

त्याहून जुनी आहे मेकेत्रे या उच्चाधिकाऱ्याच्या थडग्यातली लाकडी प्रतिकृती, इ.स.पू. २०००च्या आसपासची. ओसरीपुढे छोटं तळं आणि भोवती अंजिराची झाडं. त्या खेळण्याएवढ्या तळ्याला आतून तांब्याचा पत्रा लावलेला आहे, म्हणजे त्यात खरंखुरं पाणी भरता यावं. सावली, फळं, मासे आणि गारवा एका चौकोनात. इजिप्शियन बागेत उपयोग आणि शोभा यांची फारकत झालेलीच नव्हती.

नाईलचा पूर वर्षातून एकदा यायचा आणि बागा पुराच्या पातळीच्या वर असायच्या. म्हणून बराच काळ पाणी कावडीने वाहिलं जाई. पुढे, नवराज्य म्हणतात त्या काळात (इ.स.पू. सोळावं ते अकरावं शतक), कोकणात विहिरीवर असते तशी लाट आली: एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला बादली. त्यानंतर नदीपासून जरा उंचावर बाग करणं परवडू लागलं.

बॅबिलोनची झुलती बाग खरंच होती का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. प्रचलित गोष्ट अशी: राजा दुसरा नेबुखदनेझर (इ.स.पू. ६०५ ते ५६२) याची राणी डोंगराळ मीडिया देशाची. तिला माहेरच्या टेकड्यांची आठवण येई, म्हणून राजाने सपाट बॅबिलोनमध्ये मजल्यामजल्यांचा कृत्रिम डोंगर उभारून त्यावर झाडं लावली.

अडचण पुराव्याची आहे. या राजाने आपल्या बांधकामांबद्दल भरभरून लिहून ठेवलं आहे. भिंती, वेशी, देवळं, राजवाडे. त्यात बाग कुठेच नाही. बॅबिलोनचं तपशीलवार वर्णन करणाऱ्या हेरोडोटसनेही तिचं नाव काढलेलं नाही. जी वर्णनं आहेत ती डिओडोरस, स्ट्राबो, कर्टियस यांसारख्या, कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची. जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ ते १९१७ या काळात बॅबिलोन खणलं, तेव्हा कमानींची एक इमारत पाहून हीच ती बाग असं त्यांना वाटलं. पण तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर धान्य-तेलाच्या वाटपाच्या नोंदी होत्या. बहुधा ते कोठार असावं.

ऑक्सफर्डच्या विदुषी स्टेफनी डॅली यांचं म्हणणं असं की बाग होती, फक्त पत्ता चुकला. ती बॅबिलोनमध्ये नव्हती, उत्तरेला असिरियाच्या निनवे शहरात होती आणि तिचा कर्ता सेनाखेरीब (इ.स.पू. ७०४ ते ६८१). या राजाने डोंगरातून निनवेपर्यंत कालव्यांचं जाळं आणलं. त्यातला जेरवानचा जलसेतू आजही अर्धवट उभा आहे: सुमारे २८० मीटर लांब, वीस लाखांवर दगड वापरून बांधलेला, रोमन जलसेतूंच्या कित्येक शतकं आधीचा. पाणी उंचावर चढवण्यासाठी काशाची यंत्रं ओतल्याचं राजा शिलालेखात सांगतो. ते आर्किमिडीजच्या आधीचे फिरकीचे पंप होते असं डॅली मानतात. सेनाखेरीबच्या नातवाच्या राजवाड्यातल्या एका शिल्पात झाडांनी भरलेली टेकडी आणि तिच्याकडे कमानींवरून येणारं पाणी स्पष्ट दिसतं.

सगळे अभ्यासक डॅलींशी सहमत नाहीत. पण माझं मत विचाराल तर पारडं निनवेकडे झुकतं, आणि त्याचं कारण साधं आहे. अधांतरी बाग दगडावर उभी राहते खरी, पण जगते ती पाण्यावर. पाणी वर नेल्याचा पुरावा निनवेत आहे, बॅबिलोनमध्ये नाही.

राजे दूरदेशीची झाडं का आणायचे?

जिंकलेल्या किंवा पोचलेल्या मुलखाची पावती म्हणून. हॅत्शेपसुत राणीने इ.स.पू. पंधराव्या शतकात तांबड्या समुद्रापलीकडच्या पंट देशात जहाजं पाठवली. देर अल-बहरीच्या तिच्या मंदिरात धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून, कावडीवर टांगून जहाजावर चढवताना कोरली आहेत. लेखात ३१ झाडांचा उल्लेख आहे. तिच्यानंतरच्या तिसऱ्या थुटमोसने सीरियाच्या स्वारीतून आणलेल्या वनस्पती कर्नाकच्या भिंतींवर कोरवल्या.

असिरियाचे राजे याबाबतीत आणखी फुशारकीखोर. दुसऱ्या अशुरनासिरपालने कालहू, म्हणजे आजच्या निमरुद इथे नवी राजधानी वसवली, वरच्या झाब नदीपासून कालवा खणला आणि स्वाऱ्यांत पाहिलेल्या झाडांची लांबलचक यादी शिळेवर कोरली. राजधानीच्या उद्घाटनाला ६९,५७४ पाहुणे जेवल्याचंही तीच शिळा सांगते. आकडा कितपत मानायचा ते ज्याने त्याने ठरवावं. सेनाखेरीबच्या बागेत 'लोकर देणारी झाडं' होती. लोक ती लोकर कातरून कापड विणत, असं तो लिहितो. हा कापूस, आणि सिंधू खोऱ्यातल्या लोकांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

एक शिल्प मात्र विसरता येत नाही. सेनाखेरीबचा नातू अशुरबनिपाल द्राक्षाच्या मांडवाखाली पहुडला आहे, राणी समोर बसली आहे, वारा घालणारे सेवक आहेत, वाजंत्री आहेत. आणि डावीकडच्या झाडाला शेजारच्या एलाम राज्याच्या राजाचं कापलेलं मुंडकं टांगलेलं आहे. बाग म्हटली की शांतता आणि सात्त्विकता आठवणाऱ्यांनी हे शिल्प एकदा बघावं.

चारबाग ही मुघलांचीच ना?

चारबाग म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेली बाग. भारतात ती त्यांनी रुजवली, पण कल्पना त्यांच्याहून फार जुनी. इराणमध्ये पसरगदाई इथे दुसऱ्या सायरसची, म्हणजे ज्याला इतिहास 'थोर' म्हणतो त्या सम्राटाची राजधानी होती (राज्यकाळ इ.स.पू. ५५९ ते ५३०). तिथे घडीव दगडांचे पाट सापडले आहेत आणि दर १३-१४ मीटरवर चौकोनी कुंडी. पाटांच्या रेषांवरून बाग चार भागांत विभागलेली असावी असं उत्खनन करणाऱ्या डेव्हिड स्ट्रोनाक यांनी सुचवलं. यावर वाद आहे. निर्विवाद गोष्ट एवढीच की महाल पाण्याच्या रेषांना धरून उभे आहेत. बाग इमारतीच्या मागे उरलेल्या जागेत केलेली नाही, इमारतीच बागेत बसवल्या आहेत.

सायरसच्या, म्हणजे हखामनी राजांच्या घराण्यात बागकामाला प्रतिष्ठा होती. ग्रीक लेखक झेनोफनने सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. धाकटा सायरस हा राजपुत्र स्पार्टाच्या लायसँडरला सार्डिसची आपली बाग दाखवतो. सरळ रांगा, काटेकोर कोन, सुवास पाहून पाहुणा आखणी करणाऱ्याचं कौतुक करतो. तेव्हा राजपुत्र म्हणतो, आखणी माझीच, आणि काही झाडं मी स्वतःच्या हाताने लावली आहेत. लायसँडर त्याच्या भरजरी कपड्यांकडे आणि दागिन्यांकडे बघतच राहतो.

बाबर हिंदुस्तानात आला तेव्हा त्याची पहिली कुरकुर काय होती? इथे वाहतं पाणी नाही. आग्र्याला यमुनेकाठी त्याने आधी विहीर आणि रहाट यांची सोय केली, बाग नंतर. पसरगदाईपासून दोन हजार वर्षांनी क्रम तोच होता.

सगळ्या जुन्या बागा चौकोनीच का?

सगळ्या नाहीत. कोरड्या प्रदेशात पाणी पाटाने फिरवायचं असेल तर सरळ रेषा आणि काटकोन सोयीचे: उतार मोजता येतो, पाळी लावता येते, थेंब वाया जात नाही. इजिप्त, मेसोपोटेमिया आणि इराण इथल्या बागा म्हणून एकमेकींच्या बहिणी वाटतात.

चीनमध्ये वेगळाच संसार. हान सम्राट वू याने इ.स.पू. १३८ मध्ये राजधानी चांगआनजवळची शांगलिन ही शाही बाग वाढवली. बाग म्हणायचं, पण खरं तर त्यात शिकारीचं रान, महाल, शेतं, जनावरं सगळं होतं. त्यातलं कुन्मिंग तळं आरमाराच्या सरावासाठी खणलेलं. त्याच्याच जियानझांग राजवाड्यात ताइये नावाचं तळं होतं आणि त्यात तीन बेटं, पूर्वेच्या समुद्रातल्या अमर लोकांच्या डोंगरांची नक्कल. एक तळं आणि तीन डोंगर ही मांडणी पुढे चिनी बागांत शतकानुशतकं टिकली. मेल्यानंतरची सोय पाहणारा इजिप्शियन आणि मरायचंच नाही असं ठरवलेला चिनी सम्राट, दोघांनीही शेवटी तळंच खणलं.

ग्वांगझूमध्ये १९९५नंतर नानयुए राज्याच्या राजवाड्याची बाग उजेडात आली, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. तिच्यात दीडशे मीटरच्या आसपास लांबीचा दगडी ओढा आहे, मुद्दाम वळणं घेणारा. तळाशी गोटे आणि आडवे दगड, म्हणजे पाण्याला लाटा याव्यात आणि आवाज व्हावा. चंद्रकोरीच्या आकाराच्या कुंडात कासवांचे अवशेष सापडले. जिथे पाऊस भरपूर, तिथे पाणी पोचवण्याची चिंता नव्हती. ते खेळवण्याची हौस करता आली.

सिगिरियाची कारंजी अजून चालतात, हे खरं का?

खरं आहे. श्रीलंकेत राजा कश्यपाने (इ.स. ४७७ ते ४९५) सिगिरियाच्या सुळक्याच्या पायथ्याशी काटेकोर आखीव जलउद्यान केलं, त्यापुढे अस्ताव्यस्त शिळांमध्ये दुसरी बाग, आणि वर चढत जाणारी पायऱ्यांची तिसरी. भोकं पाडलेल्या चुनखडीच्या चकत्यांमधून पाणी उडतं. वरच्या तळ्यांतून जमिनीखालच्या नळ्यांनी ते उताराच्या जोरावर येतं, पंप नाही. पावसाळ्यात तळी भरली की काही कारंजी आजही उडतात. चौकोनी आणि मोकळी अशा दोन्ही रीती एकाच माणसाने एकाच आवारात वापरल्या, यासाठी मला हे ठिकाण ताजमहालाच्या बागेपेक्षा जास्त आवडतं.

मुघलांच्या आधी भारतात बागा नव्हत्या का?

हा गैरसमज पक्का बसला आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या बागांचे दगडी अवशेष फार थोडे उरले. लेख आणि शिल्पं मात्र भरपूर आहेत. भारहूतच्या स्तूपावरचं इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं एक शिल्प कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. श्रावस्तीचा अनाथपिंडिक जेत राजपुत्राकडून बाग विकत घेऊन बुद्धाला देतो, त्याची ही गोष्ट. किंमत अशी की सगळी जमीन नाण्यांनी झाकायची. बैलगाडीतून नाणी उतरवली जात आहेत, माणसं ती जमिनीवर पसरत आहेत, आणि मध्ये अनाथपिंडिक झारीने दानाचं उदक सोडतो आहे. अशोकाच्या लेखांत वाटेवर लावलेले वड, आमराया, विहिरी आणि माणसांसाठी व जनावरांसाठी मुद्दाम आणून लावलेल्या औषधी वनस्पती यांचा उल्लेख येतो.

घरच्या बागेचं सगळ्यात नेमकं वर्णन कामसूत्रात आहे, हे ऐकून लोक हसतात. पण नागरकाच्या, म्हणजे सुखवस्तू शहरी माणसाच्या घराशेजारी वृक्षवाटिका, सावलीत झोपाळा आणि फुलं पसरलेला मातीचा ओटा तिथे सांगितला आहे. गृहिणीने परसात भाज्या आणि फुलझाडं लावावीत आणि मधोमध विहीर, बारव किंवा तळं खणवून घ्यावं, असंही सांगितलं आहे.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. बागेत किंवा घराजवळ आधी कडुनिंब, अशोक, पुन्नाग (उंडी), शिरीष अशी मंगल झाडं लावावीत. आज प्लॉटच्या कुंपणाला चिकटून चार-चार फुटांवर झाडं लावणाऱ्यांनी तो अंतराचा श्लोक पाठ करायला हरकत नाही.

काव्यातली बाग आणखी निराळी. सुंदरीच्या पायाचा स्पर्श झाल्याशिवाय अशोक फुलत नाही, हा कविसंकेत. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात हे काम राणी धारिणीचं, पण झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावतो आणि ते मालविकेकडे येतं. पुढचं नाटक त्या झाडाखालीच घडतं. ही मालविका आपल्या विदर्भाची राजकन्या.

महाराष्ट्रात प्राचीन बागेचा पुरावा मिळतो का?

आखीव बाग उत्खननात मिळालेली नाही, पण नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला लेख वाचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे नाशिक आणि नालासोपारा या परिसरांत, तसंच भडोच आणि मंदसोर इथे धर्मशाळा, बागा, तळी आणि विहिरी केल्या असं त्यात म्हटलं आहे. बाग आणि पाणी इथेही एकाच दमात येतात. नानंगोल गावी नारळाची बत्तीस हजार रोपं दान दिल्याची नोंदही त्याच लेखात आहे. हा लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. कोकणच्या वाडीचा इतिहास लिहायला बसाल तर सुरुवात इथून करावी.

दोन हजार वर्षांपूर्वी कुठे कोणतं झाड होतं, हे कळतं कसं?

मुळांच्या पोकळ्यांवरून. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं. झाडं मेली, मुळं कुजली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. अमेरिकन अभ्यासिका विल्हेल्मिना जाशेम्स्की यांनी १९६१पासून तिथे काम केलं. त्या पोकळ्या काळजीपूर्वक रिकाम्या करत, तारा घालून त्यात सिमेंट ओतत, मग भोवतालची माती काढत. मुळाचा हुबेहूब ठसा हाती येई. अँफिथिएटरजवळच्या ज्या मोठ्या मोकळ्या जागेला आधीचे लोक गुरांचा बाजार समजत होते, तिथे त्यांना दोन हजारांहून जास्त द्राक्षवेलींची मुळं सापडली. शहराच्या तटबंदीच्या आत द्राक्षमळा!

याशिवाय परागकण, जळालेल्या बिया, खडकात खोदलेली झाडांची आळी हे सगळं कामी येतं. जॉर्डनमधल्या पेट्रात 'खालचा बाजार' म्हणून नकाशावर दाखवलेली जागा १९९८ मध्ये तळं आणि बाग निघाली. वाळवंटात नबातियन लोकांनी ४३ बाय २३ मीटरचं तळं निव्वळ दिमाखासाठी भरून ठेवलं होतं. दोन्ही ठिकाणी बागेला आधी बाजार ठरवलं गेलं. शहराच्या मध्यभागी एवढी किमती जमीन कोणी झाडांना देईल, हे जुन्या अभ्यासकांच्या पचनी पडत नसावं.

रोमन लोकांनी नवीन काय केलं?

नळाचं पाणी बागेत आणलं. पॉम्पेईत आधी छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवत. ऑगस्टसच्या काळात जलसेतूचं पाणी आल्यावर आतल्या चौकांत कारंजी, कुंडं आणि लांबट कालवे दिसू लागले. झाडं कातरून आकार देण्याची हौसही त्यांचीच. आणि बाग रंगवण्याचीही: सम्राज्ञी लिव्हियाच्या प्रिमा पोर्ता इथल्या अर्ध्या जमिनीखालच्या दालनात चारी भिंतींवर बाग चितारलेली होती. तिच्यात वेगवेगळ्या ऋतूंची फुलं-फळं एकाच वेळी आली आहेत. ही एकच बाग अशी, जिला पाणी लागलं नाही.

तेव्हा लॉन होतं का?

आजच्यासारखं नाही. गवत कापायचं यंत्रच १८३०चं, इंग्लंडमधलं.

या बागांत राबायचं कोण?

निरनिराळ्या धंद्यांची टिंगल करणारा एक जुना इजिप्शियन लेख आहे. त्यातल्या माळ्याचे खांदे कावडीने वाकले आहेत, मानेवर गळू झालं आहे, सकाळी एक वाफा आणि संध्याकाळी दुसरा, दिवस संपत नाही. टिंगल म्हणून लिहिलंय, पण वाचताना हसू येत नाही. असिरियात युद्धकैदी कालवे खणत. रोमन बागेतला माळी बहुतेकदा गुलाम असे. धाकटा प्लिनी आपल्या टस्कनीच्या बागेचं वर्णन करताना सांगतो की बॉक्सवुडची झुडपं अक्षरांच्या आकारात कातरली आहेत. कुठे मालकाचं नाव, कुठे कातरणाऱ्या कारागिराचं. ते दुसरं नाव काय होतं, हे लिहायचं मात्र प्लिनीला सुचलं नाही.

लांब न जाता यातलं काय पाहता येईल?

प्राचीन बाग नाही, पण तिची वंशावळ दिसते. छत्रपती संभाजीनगरला बिबी का मकबरा पाहताना घुमटाकडे पाठ करून पाटांकडे बघा. सतराव्या शतकातली ही चारबाग आहे. त्याच शहरात मलिक अंबरने जमिनीखालून आणलेल्या नहरीचे अवशेष आहेत. तेच तंत्र बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात खाली उतरून पाहता येतं. इराणमध्ये अशा भुयारी पाटांची रीत फार जुनी. हखामनी राजांच्या काळात, जो कोरड्या जमिनीवर पाणी आणेल त्याला ती जमीन पाच पिढ्या कसायला मिळे, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. नाशिकला गेलात तर पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख व्हरांड्याच्या भिंतीवरच आहे. अक्षरं ब्राह्मी आहेत, म्हणून वाचन आणि भाषांतर आधीच छापून बरोबर न्यावं.